चिंचोक्यांच्या ढिगात किल्ली

कौशल्या कापगते पत्ते टाकून देण्यासाठी प्रसिद्ध होती. दोन पत्ते उचलायची, एकदा पाहायची, पालथे करून सरकवून द्यायची. "मी नाही." एवढंच. बाकीचे तिघं चिंचोके फेकत, एकमेकांना डिवचत डाव वाढवायचे आणि ती भिंतीला टेकून त्यांचे चेहरे पाहत बसायची, सिनेमा पाहिल्यासारखी. मग कधीतरी एखाद्या डावात ती "मी हाये" म्हणाली, की शेजारचा कृष्णराव हातातले पत्ते आपटायचा. "मरा आता! वैनी आल्या म्हणजे घेऊनच आल्या."

त्या रविवारी दुपारी ती पहिल्याच डावाला "मी हाये" म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज हलला.

"का झालं वैनी, तब्येत बरी हाये ना?" कृष्णरावनं विचारलं.

"हाये. खेळा."

तिला एक गोष्ट पक्की करायची होती. देवाजीला, तिच्या नवऱ्याला, दिसतं की नाही. आजच्या आज, कारण उद्या सोमवार होता आणि सोमवारी सकाळी देवाजी शाळेच्या पोरांची व्हॅन काढणार होता.

हा खेळ त्या घरात आला तो लॉकडाऊनमध्ये. कौशल्याच्या बहिणीचा मोनू हॉस्टेलमधून घरी निघाला आणि भिलाईतच अडकला. सुपेला बाजाराच्या मागे, त्याचा गलका ऐकू येईल एवढ्या अंतरावर, कापगत्यांचं दोन खोल्यांचं घर. देवाजी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर कंपनीचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून बांधलेलं. मोनूनं गच्चीवर सतरंजी अंथरली आणि मावशीला पोकर शिकवलं. दोन पत्ते हातात, ते फक्त आपले. पाच पत्ते मधात उघडे, ते सगळ्यांचे. दोन्ही मिळून ज्याची जुळवाजुळव भारी, तो जिंकला. आणि भारी पत्ते नसतानाही आहेत असं दाखवून समोरच्याला पळवलं, तरीही जिंकला.

"म्हनजे खोटं बोलून जिंकायचं?" कौशल्यानं तेव्हा विचारलं होतं.

"मावशी, खोटं बोलायचं नाही. फक्त डरायचं नाही."

"आन् दुसरा डरला का नाही, ते पाहायचं?"

"यही तो गेम है."

पैसे लावायचे नाहीत, ही कौशल्याची अट. म्हणून चिंचोके. धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेले, तिनं स्वतः शिवलेल्या लाल थैलीत. मोनू गेला, खेळ राहिला. आणि साकोलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, आयुष्यभर नवऱ्याच्या शिफ्टच्या हिशेबानं उठलेली-निजलेली ही बाई त्या खेळानं झपाटली. भाजीवालीसमोर ती आता घासाघीस करीनाशी झाली. वांगी हातात धरून नुसती उभी राहायची, भाजीवालीच्या चेहऱ्याकडे पाहत. घेऊन जा बाई, पण असं पाहू नको, असं भाजीवाली वैतागून छत्तीसगढीत म्हणायची, "ले जा न दाई, अइसने झन देख!"

टेबलावरची माणसं तिला पाठ होती. टेबल म्हणजे पलंगाच्या शेजारी ओढलेला पत्र्याचा संदूक, वर चादर. कृष्णराव रेल्वेतून रिटायर झालेला गार्ड. पत्ते चांगले आले की नाकातल्या नाकात गुणगुणायचा आणि आपण गुणगुणतो हे त्याला ठाऊक नव्हतं. समोरच्या घरातली ममता बडी, म्हणजे डाळीचे सांडगे, आणि पापड करून विकायची. मुलगा-सून अहिवाऱ्याला खाणीवर कामाला, म्हणून दुसरीतली नात भूमिका तिच्याकडे. ममता फसवायला निघाली की अचानक सगळ्यांना चहाचं विचारायची.

देवाजीचा मात्र काहीच पत्ता लागायचा नाही. देवाजी बंद खेळायचा. आपले दोन पत्ते उचलायचाच नाही. पालथेच ठेवून, वर तळहात दाबून, मान एका बाजूला टाकून, जगाची पर्वा नसल्यासारखा बसायचा. "आपुन बंद! ज्याच्यात दम हाये त्यानं यावं." मधले पत्ते उघडले तरी मान वाकवायचा नाही. "बोल बे कृष्णराव, कोन उतरलं?" आणि कृष्णराव प्लॅटफॉर्मवरच्या आवाजात ओरडायचा, "बदामचा गुलाम उतरलाऽऽ! किलवरची सत्ती उतरलीऽऽ!" गल्लीतली माणसं हसायची. "कापगतेभाऊची छाती मोठी," असं सगळे म्हणत. सव्वाशे टनाच्या क्रेनवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला दोन पत्त्यांचं काय भय! लोक आपली पोरं त्याच्या व्हॅनमध्ये बसवायचे ते त्याच भरवशावर.

कौशल्या कितीतरी दिवस त्या चेहऱ्याशी झगडली. ना भुवई हलत, ना ओठ. मग एका दुपारी बड्या वाळत घालता घालता तिच्या मनात आलं, ज्याला स्वतःचेच पत्ते ठाऊक नाहीत त्याच्या चेहऱ्यावर काय उमटणार? आणि त्यामागोमाग दुसरा विचार आला, तो इतका वाईट होता की तिनं हातातली बडी ताटात तशीच ठेवली. हा पत्ते पाहत नाही, का ह्याला ते दिसत नाहीत?

मग एकेक आठवत गेलं. दिवाळीला दारातल्या रांगोळीवर हा सरळ पाय देऊन गेला होता आणि वर हसला होता. चहा ओतताना कपात बोट बुडवून ठेवतो. पेपर घेतो, उलगडतो, घडी करून ठेवतो. माणसाशी बोलताना मान तिरकी, कोपऱ्यातून पाहिल्यासारखी. सगळे त्याला ऐट म्हणायचे.

तिनं विचारून पाहिलं होतं.

"अजी, चष्म्याचा नंबर एकदा पाहून घ्या ना."

"नंबर बरोबर हाये."

"रांगोळी दिसली नाही तुमाले."

"रांगोळीच बेकार काढली होती तू. आता माहा नंबर पाहू का तुहा हात?"

असा तो शब्द फिरवायचा आणि ती गप्प बसायची. पत्ते टाकायची. खात्री नाही ना, मग कशाला बोलायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. व्हॅन रोज जात होती, रोज येत होती. शनिवारी ती आली तेव्हा डाव्या बाजूला लांबच लांब ओरखडा होता आणि आरसा लोंबत होता.

"काय झालं हे?"

"गाय आली मधात."

ओरखड्याला पिवळा रंग लागला होता. गायीला पिवळा रंग नसतो.

म्हणून आज. घरात तो शब्द फिरवू शकत होता. टेबलावर एकदा उघडा पडलेला पत्ता त्यालाही फिरवता आला नसता. घरातलं डावात आणायचं नाही, हा तिचाच नियम होता, आज तोच ती मोडणार होती.

"एक सांगते," तिनं गड्डीवर हात ठेवत म्हटलं. "आज पत्ते कोनी ओरडनार नाही. माहं डोकं दुखून राहिलं."

"अरे! मंग आमची नोकरीच गेली," कृष्णराव म्हणाला.

देवाजीचा तळहात पत्त्यांवर होता. तो तिथंच थांबला. "ओरडू दे ना त्याले. मजा येते."

"डोळे हायेत ना सगळ्यायले. पाहा आन् खेळा."

मग देवाजी हसला. "हाव, हाव. आज मॅडमचं राज हाये."

मधले पत्ते उघडत गेले. देवाजीनं मान तिरकी केली, आणखी तिरकी केली आणि शेवटी मूठभर चिंचोके पुढे लोटले. "आपुन बंद!" ममता हसत हसत पळाली, कृष्णराव पळाला. कौशल्याच्या हातात काहीच नव्हतं, तीही पळाली. देवाजीनं ढीग ओढून घेतला. पत्ते कुणाला दाखवायची वेळच आली नाही. सिद्ध काहीच झालं नाही.

दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात तेच. पंख्याच्या वाऱ्यानं चादरीचा कोपरा फडफडत होता आणि कौशल्याच्या मनात जुनी सवय पुन्हा डोकं वर काढू लागली. असू दे. कदाचित चष्माच असेल. पुढच्या रविवारी पाहू.

तेवढ्यात ममता पत्ते गोळा करता करता म्हणाली, "देवाजीभाऊ, आमची भूमिका तं तुमच्या व्हॅनच्या मागं पागल हाये. रविवारीबी म्हनते, व्हॅन कावून नाही येत."

"गोड पोरगी हाये ते."

"तुमी सिग्नलवर काय खेळवता म्हने त्यायले? रोज येऊन सांगते. 'आजी, आज मी पयले ओरडली, लाल! मले गोळी भेटली.' कोन आधी ओरडते ते, लाल का हिरवा. बापा, काय काय डोकं लावता पोरायले शांत ठेवाले!"

कृष्णराव खो खो हसला. "सही है यार! पोरंबी खुश, ड्रायव्हरबी खुश."

देवाजी हसला नाही.

कौशल्याच्या हातातून पत्ता निसटून खाली पडला. तिनं तो उचलला नाही. तिला चौक दिसला, सुपेल्याचा, चारी बाजूंनी ट्रक आणि बस आणि स्कूटर, आणि व्हॅनच्या आत एका सुरात ओरडणारी पोरं. कुणी मस्करीत खोटंच "हिरवा!" म्हटलं असतं तर?

तिनं वर पाहिलं. देवाजी तिच्याकडेच तोंड करून होता. त्यानं तिचा चेहरा पाहिला की नाही कोण जाणे, पण पत्ता पडल्याचा आवाज त्यानं नक्की ऐकला होता.

"वाट ना बे," तो कृष्णरावला म्हणाला. आवाज कोरडा. कृष्णरावनं पडलेला पत्ता उचलून गड्डी पिसली.

पत्ते आले. कौशल्यानं आपले दोन पाहिले. एक एक्का, एक पंजी. देवाजीनं नेहमीसारखा तळहात ठेवला. "आपुन बंद."

"नाही."

"काय नाही?"

"बंद नाही. उचला."

"अवो, खेळ हाये माहा. मी कसाबी खेळीन."

"आज चिंचोक्यायचा डाव नाही खेळत मी." तिनं मांडीवरची लाल थैली उचलून मधात ठेवली. आतले चिंचोके ओतून ढीग केला. "मी हरली तं पुन्हा जल्मात पत्ता हाती धरनार नाही. तुमी तुमची किल्ली ठेवा."

"कोनती किल्ली?"

"व्हॅनची."

ममतानं हसून पाहिलं, मग हसणं थांबवलं. "वैनी, हे काय..."

"ममता, तू गप बस जराशी."

"चहा ठेवू का मी?" ममता सवयीनं म्हणाली आणि जागची हलली नाही.

देवाजीनं खिशावर हात ठेवला. किल्ली त्याच्या खिशात होती. ती नेहमी खिशातच असायची, झोपतानासुद्धा. "नाही ठेवली तं?"

"तं पत्ते टाका. म्हना, मी नाही."

देवाजी कापगतेनं त्या संदुकावर आजवर एकदाही पत्ते टाकले नव्हते. कृष्णराव त्याच्याकडे पाहत होता. पंखा घरघरत होता. देवाजीनं खिशात हात घातला आणि किल्ली ढिगावर फेकली. ती चिंचोक्यांत रुतली.

"उघड बे कृष्णराव."

कृष्णरावनं आवाज न करता एकेक पत्ता मांडला. बदामची दश्शी. बदामची तिर्री. बदामचा गुलाम. मग किलवरचा एक्का. मग इस्पिकची सत्ती.

देवाजीनं आपले दोन पत्ते उचलले. पहिल्यांदाच. डोळ्यांजवळ नेले, दूर नेले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग तो मधल्या पत्त्यांवर वाकला, इतका की त्याचं नाक गुलामाला लागतं की काय असं वाटलं. मग सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत गेला, आणि कौशल्याला त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी वाचता आलं. आशा होती ती. ती पाहवेना.

एकदा तिला वाटलं, पत्ते सरकवून द्यावेत. 'मी नाही' म्हणावं. दोनच शब्द. किल्ली त्याच्या खिशात जाईल, दुपार नेहमीसारखी होईल, ममता चहा करील.

"मी हाये," ती म्हणाली.

"मंग पाह्य!" देवाजीनं दोन्ही पत्ते थाडकन आपटले. "राजा आन् नव्वी! पाचही बदाम! फ्लश म्हंते त्याले! उचल तुही थैली... नाही, थैली आता माही!"

तिघंही नव्वीकडे पाहत राहिले.

राजा बदामचा होता. नव्वी चौकटची होती.

कृष्णरावनं तोंड उघडलं. कौशल्याला त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं की तो काय करणार आहे. मित्र होता तो. "वा रे वा," कृष्णराव म्हणाला, पण त्याच्या त्या प्लॅटफॉर्मवरच्या आवाजात नाही. "वा... जबरदस्त..."

"भाऊजी," कौशल्या म्हणाली. "नोका."

देवाजीचे हात ढिगाकडे निघाले होते ते मधेच थांबले. त्यानं तोंड कृष्णरावकडे वळवलं, मग ममताकडे. त्या गप्पपणातून त्याला सगळं कळलं. तरी त्यानं बोटांनी ती नव्वी चाचपली, जणू चित्र बोटांना लागेल.

"कोनता हाये हा?" त्यानं विचारलं. आवाज एकदम लहान.

"चौकटची नव्वी," कौशल्या म्हणाली.

ममता उभी राहिली. चिंचोके तिच्या पदरातून घरंगळले. "सिग्नल," ती म्हणाली. "तो खेळ. तुमाले दिसत नाही म्हनून... रोज सकाळी माह्या नातीचा हात मी तुमच्या हाती देते देवाजीभाऊ! तिची माय तिकडं खाणीवर, माह्या भरवशावर! आन् तुमी त्या लेकरायले विचारून गाडी चालवून राहिले?"

"मले बाजूनं दिसते," देवाजी म्हणाला. "मधात धुई असते फक्त. बाजूनं दिसते मले. हळू चालवतो मी."

"हळू!"

"डॉक्टरले दाखवलं होतं. रायपूरले गेलो होतो मी, गाडीच्या कागदाचं सांगून." हे तो कौशल्याला सांगत होता, पण तोंड तिच्या जरा बाजूला होतं. "तो म्हने डोळ्याचा मागचा पडदा गेला. नाही येत म्हने वापस. बाबाले झालं होतं तसंच."

कौशल्यानं डोळे मिटले. सासरे ओसरीतल्या खाटेवर बसलेले तिनं पाहिले होते. सकाळी कुणी बसवायचं, संध्याकाळी कुणी उठवायचं. लग्नानंतर गावी असताना ती त्यांचं ताट वाढायची आणि सांगायची, मामाजी, भाजी डाव्या हाताले, भात उजव्या. देवाजी तेव्हा सुटीत गावी यायचा आणि बापासमोर जेवायला बसायचा नाही.

"मले त्या खाटेवर नाही बसायचं," देवाजी म्हणाला.

ममतानं ते ऐकलं. तिचा राग उतरला नाही, फक्त दुसरीकडे वळला. ती कौशल्याकडे पाहून म्हणाली, "वैनी, तुमाले कधीपासून मालूम?"

ह्या प्रश्नाची कौशल्यानं तयारी केली नव्हती. 'आजच' म्हणता आलं असतं. तिचा चेहरा या टेबलावर कुणालाच वाचता येत नव्हता.

"शक होता," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

"दिवाळीपासून." ममतानं तो शब्द हळूच म्हटला. "आन् मी रोज तुमच्याच दारातून पोरीले व्हॅनमधी चढवून राहिली. तुमी बाजूले उभ्या राहून टाटा करत."

"पक्कं नव्हतं मले."

"पक्कं कधी झालं असतं वैनी? चौकात?"

ममतानं चपला घातल्या आणि ती गेली. फाटक तिनं उघडंच ठेवलं.

कृष्णराव गुडघ्यावर बसून सांडलेले चिंचोके गोळा करत होता. एकेक उचलून, फुंकून थैलीत टाकत होता, हे काम संपूच नये असं. शेवटी म्हणाला, "उद्याचं मी पाहतो. माह्या ओळखीचा ऑटोवाला हाये. पोरायच्या घरी फोन लावून देतो, व्हॅन बिघडली म्हनून."

"व्हॅन नाही बिघडली," कौशल्या म्हणाली.

तिनं ढिगातून किल्ली काढली. देवाजी हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याचे पत्ते अजून उघडे पडले होते. कौशल्यानं स्वतःचे दोन, एक्का आणि पंजी, पालथेच गड्डीत मिसळून टाकले. मधल्या एक्क्यामुळे तिची एक्क्यांची जोडी झाली होती, पण आपण जिंकलो हे तिनं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"उठा," ती म्हणाली. "चप्पल घाला."

"कुठं?"

"एकेका पोराच्या घरी. तुमी सांगायचं."

"फोन कर ना."

"फोनवर तुमी गाय सांगसान."

कृष्णराव नको तिथं हसला आणि लगेच गप्प झाला. देवाजीनं मान वर केली, या वेळी तिरकी नाही, सरळ. सरळ पाहिल्यावर त्याला तिच्या चेहऱ्याच्या जागी ते धुकंच दिसत असणार. "लोकं काय म्हनतीन, कौशल्ये?"

"ममता म्हनली तेच म्हनतीन. मलेबी म्हनतीन." ती थांबली. "मी संगं उभी राहीन."

बाहेर उन्हं उतरायला लागली होती. दोघं गल्लीतून निघाली, तो पुढे, ती अर्धं पाऊल मागे. हात तिनं धरला नाही. त्यानं मागितला नव्हता. पहिलं घर ममताचंच होतं, समोर, रस्ता ओलांडून. फाटकाला कडी लावलेली होती. आत कुठेतरी भूमिका मोठमोठ्यानं विचारत होती, आजी, तू कावून रडून राहिली?

देवाजीनं फाटकावर हात ठेवला. कडी शोधत तो वर चाचपला, खाली चाचपला. रोज सकाळी हॉर्न वाजवला की पोरगी धावत यायची. त्या कडीला त्याचा हात कधी लागलाच नव्हता. कौशल्या मागे उभी होती. तिनं स्वतः कडी काढली नाही.

"डाव्या हाताले," ती म्हणाली.